बेहड्याच्या ढोलीतला हातोडा

आपण ज्या झाडावर निवांत बसलो आहोत, त्याच झाडाला खालून कुणी धाडकन हातोडा हाणला तर माणसाचं काय होईल? सुचेताचं तेच झालं. हातातला शेंगांचा डबा सुटला आणि खालच्या माणसाच्या टोपीवर जाऊन आदळला.

"खोखला है," खालचा माणूस म्हणत होता. "इसको भी काट—"

पुढचा शब्द डब्याने खाल्ला. तो मटकन खाली बसला, टोपी सावरत वर बघू लागला. वर पानांत दोन पाय, एक हिरवी साडी आणि एक संतापलेला चेहरा.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" चेहरा म्हणाला. रागात हिंदी सुचत नाही, त्यामुळे चक्क मराठीत.

"मघापर्यंत होतं," तोही मराठीतच म्हणाला. "आता बघावं लागेल."

आता थक्क व्हायची पाळी सुचेताची होती. भोपाळला येऊन दुसरा उन्हाळा चालला होता. राज्य नवं झालं, राजधानी इकडे आली आणि नागपूरच्या कचेऱ्या फायलींसकट उचलून आणल्या. त्यांच्याबरोबर वनखात्याचे हेडक्लार्क नरहरपंत मुलमुले, त्यांच्या पत्नी लीलावती आणि इंटर सायन्सनंतर शिक्षण अर्धवट सुटलेली त्यांची मुलगी सुचेता असे तिघंही आले. पण कोटरा गावापलीकडच्या या रानात मराठी बोलणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

"मी विश्वास दांडेकर. नवा रेंजर," तो म्हणाला. "हे सरकारी जंगल आहे. खाली उतरा."

"माझे बाबा त्याच सरकारात आहेत. आधी शेंगा वेचा."

"उतरा म्हणतो ना."

"तुम्हीच या की वर."

त्याने फांदीकडे पाहिलं. रंग उडाला बिचाऱ्याचा. "मला... जमिनीवरच बरं वाटतं."

मागे उभा असलेला नाकेदार, जंगलाचा पहारेकरी, पंच्यात तोंड लपवून हसला. "साहब को तो स्टूल पर भी चक्कर आता है, बिटिया."

जंगलखात्यातला माणूस आणि झाडावर चढता येत नाही! सुचेता इतकी हसली की तिलाच फांदी घट्ट धरावी लागली. तो मात्र रागावला नाही. खाली वाकून एकेक शेंग वेचत राहिला, आणि वेचता वेचता दोनदा वर बघितलं... शेंगा काही वर नव्हत्या.

ते रान म्हणजे नबाबाची जुनी शिकारीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे कुऱ्हाड लागली नव्हती. आभाळाला टेकलेले ऐन आणि बेहडे, त्यांच्याखाली तेंदू, त्याच्याखाली करवंदीच्या जाळ्या, आणि मध्येच एखादं आडवं पडलेलं प्रचंड खोड, पार कुजून मऊ झालेलं, अंगभर अळंब्या ल्यालेलं. सुचेता "नलिनीकडे भरतकामाला जाते" म्हणून घरातून निघायची आणि इथे येऊन बसायची. नलिनी शेजारच्या क्वार्टरमधली, पक्की मैत्रीण. अख्ख्या वर्षात एक रुमाल पुरा झाला नव्हता, तरी तिने तोंड उघडलं नव्हतं.

आणि आता हा माणूस सांगत होता की हे सगळं निघणार.

"सगळं नाही," डबा परत देत विश्वास म्हणाला. "म्हातारी, पोकळ, वाकडी, वाळलेली झाडं काढायची. ती नुसती जागा अडवतात. मोकळ्या जागेत सरळसोट सागवान लावायचं. शास्त्र आहे हे."

"कोणाचं?"

"डेहराडूनच्या फॉरेस्ट कॉलेजचं."

"ते डेहराडूनला ठेवा. या बेहड्याच्या ढोलीत मागच्या वर्षी पिंगळा होता. त्या वाळक्या ऐनावर सुतारपक्षी येतो. पडलेल्या खोडाखाली घोरपड राहते. त्यांना कुठे क्वार्टर देणार आहे तुमचं खातं?"

"तुमच्याच क्वार्टरला अजून दारं नाहीत, असं ऐकतो."

हे मात्र खरं होतं. स्वयंपाकघराला गोणपाट लावलेलं होतं आणि लीलाबाई रोज सरकारचा उद्धार करत होत्या.

"पोकळ झाडाची दारं होतात का हो?"

तो जरा नमतं घेत म्हणाला, "नाही होत. सरपण होतं."

मग त्याने तिला तो हातोडा दाखवला. छोटासाच, एका तोंडावर खात्याची उठावाची अक्षरं. झाडाची साल सोलायची आणि तिथे ठप्पा मारायचा. ठप्पा बसला की झाड गेलं. ठप्पा नसेल तर कोणाच्या बापालाही कुऱ्हाड लावता येत नाही, असा नियम. "पुढच्या आठवड्यात ठप्पे मारतो," तो म्हणाला. "या तुम्ही. शेंगा घेऊन या."

किती सरळपणे सांगितलं त्याने! सुचेता त्या रात्री गोणपाटाकडे बघत पडून राहिली. हातोडा नाही तर ठप्पा नाही, ठप्पा नाही तर कुऱ्हाड नाही. इतकं सोपं.

दोन दिवसांनी ती गेली, शेंगा घेऊनच. तो दाढी करून आला होता, आणि जंगलात कुणी अत्तर लावून येत नाही, पण हा आला होता. खोडावर पिशवी ठेवून तिच्यासाठी ओढ्याकडे पाणी आणायला गेला. प्रेमात पडलेला माणूस पिशवीकडे बघत नाही. तो परत आला तेव्हा सुचेता बेहड्यावर होती आणि हातोडा ढोलीच्या तळाशी गेला होता.

"इतक्या वर काय करता?"

"हवा छान आहे," ती म्हणाली. "या ना."

"थट्टा करा गरिबाची," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या उंच धरून उभा राहिला. ती उतरेपर्यंत तसाच.

दुसऱ्या दिवशी मुलमुले मंडळी इटारसीला गेली. मावसबहीण कमलिनीचं लग्न होतं. तिथे करवलीपण मिरवताना सुचेताला सारखं हसू येत होतं. अख्खं रान वाचवलं होतं तिने, तेही कोणाला न सांगता. मधूनच तो तांब्या धरलेला हातही आठवत होता, पण ते तिने कोणालाच सांगितलं नाही... स्वतःलासुद्धा.

आठ दिवसांनी परत आल्यावर पहिल्याच जेवणात, कचेरीत डोकावून आलेले नरहरपंत म्हणाले, "तो नवा दांडेकर गेला बरं का कामातून."

सुचेताचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"ठप्प्याचा हातोडा हरवला त्याने. आठवडाभर लपवाछपवी केली, शेवटी काल साहेबांना सांगितलं. अजून कायम नाही झालेला तो. साहेब स्वतः येताहेत सोमवारी. हातोडा दिसला नाही तर घरी पाठवतील."

"एका हातोड्यासाठी?"

"एका हातोड्यासाठी? अगं, तो चोराच्या हाती लागला तर चोरीचं लाकूडही सरकारी ठरतं. बंदूक हरवलेली परवडली. चांगला मुलगा होता, वडील नाहीत, धाकट्या बहिणीचं शिक्षण करतोय." त्यांनी ताकाची वाटी उचलली. "कोण मेला चांडाळ असेल, त्याचं तळपट होवो."

चांडाळ समोर बसून वरणभात खात होता.

सकाळी ती धावतच रानात गेली. हातोडा काढायचा, त्याच्या हातात द्यायचा, काय बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं. ती सरसर वर चढली, ढोलीत हात घातला... आणि हात भिंतीला लागला.

ढोलीला तोंडच नव्हतं. जिथे भोक होतं तिथे वाळून टणक झालेला चिखल. मधोमध बोटभर रुंदीची उभी फट. तिने फटीला डोळा लावला, आणि आतून एक मोठी बाकदार चोच फाडकन बाहेर आली. सुचेता पडायचीच बाकी राहिली होती.

धनेश! मादी ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत आतच राहते. नर बाहेरून फटीतून भरवतो. सुचेताने हे पुस्तकात वाचलं होतं. मादी हातोड्यावर अंडी घालील असं पुस्तकात नव्हतं.

"हवा छान आहे का?" खालून आवाज आला.

विश्वास उभा होता. आठवड्यात अर्धा झाला होता माणूस. डोळे खोल गेलेले. तरी ती दिसल्यावर हसला, आणि त्या हसण्याने सुचेताला रडू कोसळलं. ती खाली आली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हातोडा मी घेतला. या ढोलीत टाकला. आता ती आत बसली आहे. तुमची नोकरी मी घालवली.

तिला वाटलं, आता तो ओरडेल, हात उगारील. त्याने फक्त खोडाला पाठ टेकली.

"तुम्ही," तो म्हणाला. "मी सगळ्यांवर संशय घेतला. नाकेदारावर घेतला, माकडांवर घेतला. तुमच्यावर नाही घेतला."

यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"मी फोडते भिंत," डोळे पुसत ती म्हणाली. "आत्ता फोडते."

त्याने खाली वाकून पाचोळ्यातून काहीतरी उचललं. लांब, राखी पिसं, एक नाही, चांगली मूठभर. "ही पंखाची आहेत," तो हळूच म्हणाला. "झडली आहेत तिची. भिंत फोडली तर ती उडणार कशी?" मग त्याने वर पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि बूट काढले.

"काय करताय?"

"वर येतोय. आजवर सगळी झाडं खालून ठोकूनच बघितली मी. एकदा आत बघतो."

तो कसा चढला ते त्या बेहड्यालाच ठाऊक. अर्ध्या वाटेत डोळे मिटले, तर सुचेता मागून चढत सांगत होती, "उजवा पाय. नाही हो, दुसरा उजवा." अखेर ढोलीपाशी पोचला. त्याने फटीतून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डोळा आहे," तो पुटपुटला. "पापण्यांना केस आहेत तिच्या. लांब. तुमच्यासारखे."

"रेंजरसाहेब, तुम्ही पक्ष्याबद्दल बोला."

"पक्ष्याबद्दलच बोलतोय," तो म्हणाला, आणि कान लाल झाले.

समोरच्या झाडावर नर येऊन बसला होता, चोचीत पिकलेलं उंबर. हे दोघं ढोलीजवळ म्हणून पुढे येत नव्हता, पण जातही नव्हता. "उतरायला हवं," विश्वास म्हणाला. "ती उपाशी राहील." आणि मग खाली बघून, "मला... हात द्याल का?"

तिने दिला. खाली पोचल्यावरही थोडा वेळ तो हात त्याच्या हातात तसाच राहिला.

सोमवार उजाडेपर्यंत ते रोज तिथे बसले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. हातोडा नव्हता, त्यामुळे ठप्पे नव्हते, आणि जंगलात बसून नुसतं बघणं विश्वासने प्रथमच केलं. एक म्हातारा ऐन कधी काळी आपसूक पडला होता, त्या जागी वरून ऊन येत होतं, आणि तिथेच नवी रोपं दाटीने उठली होती. कुजलेल्या खोडावर सुद्धा रोपं. इतरत्र सावलीत एकही नाही.

"म्हणजे म्हाताऱ्याने जागा अडवली नव्हती," तो म्हणाला. "राखून ठेवली होती."

"डेहराडूनला कळवा."

"इथे एक, तिथे एक असं झाड काढलं, दूर दूर... तर रानाला कळणारही नाही. दारंही होतील. ढोलीवालं आणि पडलेलं तसंच ठेवायचं." तो उत्साहाने बोलत होता, मग थांबला. "पण सोमवारनंतर हे मी कोणाला सांगणार?"

सुचेता त्याच्याकडे वळली. "मी सांगेन साहेबांना. खरं ते."

"अजिबात नाही. बाबांची नोकरी आहे त्याच कचेरीत. मी हरवला, एवढंच सांगायचं."

सोमवारी साहेब आले. मोठ्या मिशा, खाकी हॅट, मागे फायली घेऊन नरहरपंत. सुचेता झाडामागे उभी होती आणि नरहरपंतांना ते मुळीच माहीत नव्हतं.

"हैमर कहाँ है?"

"इस पेड़ में, सर," विश्वास म्हणाला. "मेरी ग़लती से गिर गया."

"खोटं आहे ते," सुचेता बाहेर आली. "मी चोरला. झाडं तोडू नयेत म्हणून. यांचा काही दोष नाही."

साहेबांना मराठी समजत होतं. नागपुरात जन्म गेला होता त्यांचा. पण या क्षणी सगळ्यांत पांढरे पडले ते नरहरपंत. हातातल्या फायली पाचोळ्यात पडल्या आणि ते त्या कुजक्या खोडावर बसले. मुलीकडे असे बघत होते जणू कोणा परक्याचीच मुलगी आहे.

"चांडाळ," ते एवढंच म्हणाले. मग कसेबसे उठले, हात जोडले. "साहेब, पोर माझी आहे. काय शिक्षा करायची ती मला करा. त्या मुलाला सोडा."

साहेबांनी ढोलीकडे पाहिलं. नाकेदाराला म्हणाले, "सीढ़ी लगाओ. दीवार तोड़ो."

विश्वास शिडीसमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. "उसके पर झड़ चुके हैं, सर. उड़ नहीं पाएगी. मैंने ऊपर जाकर देखा है."

"किसने देखा?"

"मैंने."

"तुम... ऊपर चढ़े?"

"चढ़े, साहब," नाकेदार म्हणाला. "मैंने अपनी आँखों से देखा. मुझे भी यक़ीन नहीं हुआ."

साहेबांनी विश्वासकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. परीक्षेत झाडावर चढायच्या भागात शून्य मिळवणारा हा मुलगा, त्याची फाइल त्यांनीच वाचली होती. तेवढ्यात नर आला. माणसांकडे दुर्लक्ष करून ढोलीला लटकला आणि एकामागून एक उंबरं फटीत सरकवू लागला. आतून चोच येत होती, जात होती.

शेवटी साहेबांनी हॅट काढून घाम पुसला आणि निर्णय सांगितला. हातोडा हरवलेला नाही, कुठे आहे ते दिसतं आहे. पक्षी बाहेर येईपर्यंत नाकेदाराचा पहारा. यंदाची तोड रद्द. आणि दांडेकर? नोकरी राहील, पण निष्काळजीपणा माफ नाही. कायम व्हायला आणखी एक वर्ष, आणि पावसाळ्यात बदली, मंडल्याच्या पलीकडे.

मुलमुल्यांच्या घरी त्यानंतर पंधरवडाभर नरहरपंत सुचेताशी बोलले नाहीत. लीलाबाईंनी भरतकामाचा रुमाल मागितला आणि तो बघून कपाळाला हात लावला. सुचेता रानात जायची, पण आता आईला सांगून जायची, आणि आई म्हणायची, "त्या दांडेकराला थालीपीठ ने. हडकलाय मेला." एका संध्याकाळी नरहरपंतच दारात उभे राहिले. म्हणाले, "पिल्लं झाली का गं?" सुचेताला रडूच फुटलं.

पिल्लं झाली. जुलैत, चार दिवसांची झड थांबली तेव्हा भिंत फुटली, मळकट झालेली मादी बाहेर आली आणि पहिल्या फांदीवर धडपडली. मागून दोन पिल्लं. नरासकट सगळं कुटुंब ओढ्याकडे गेलं, तेव्हा सुचेता ओल्या खोडावरून वर चढली आणि ढोलीत हात घातला. हातोडा होता. असा काही घाण झालेला की अक्षरंही दिसेनात.

"टाका खाली," विश्वास म्हणाला. त्याच्या खिशात बदलीचा हुकूम होता. उद्या सकाळची गाडी. हातोडा आजच जमा करायचा होता.

"आधी सांगा, या रानाचं काय?"

"साहेबांनी माझा आराखडा ठेवून घेतला. ढोलीची झाडं आणि पडलेली खोडं वगळणार. बाकीची इथे एक, तिथे एक." तो थांबला. "सगळं रान नाही वाचलं, सुचेता. त्या कडेचे ऐन जातील."

तिने कडेच्या ऐनांकडे बघितलं. डोळे भरून आले. उद्या हा जाणार, मग ते जाणार.

"हातोडा हवा असेल तर वर येऊन घ्या," ती म्हणाली.

"पावसाने निसरडं झालंय."

"मग राहू द्या."

त्याने बूट काढले. या वेळी ती सांगत बसली नाही. तो एकटाच चढला, दोनदा घसरला, आणि शेवटी तिच्या शेजारी फांदीवर येऊन बसला. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी फांदी धरलेली.

"हं. घ्या," ती हातोडा पुढे करत म्हणाली.

"हात सोडता येत नाही." तो श्वास घेत राहिला. मग डोळे न उघडताच म्हणाला, "मंडल्याला दुसरा हातोडा मिळणार आहे मला. तिथे ढोल्याही खूप आहेत. तो हातोडा एकट्या माझ्यावर सोपवला तर मी खालून ठोकत बसेन. तू... येशील?"

सुचेताला वाटलं, आता आपणच पडतो. "बाबांना विचारलंत?"

"काल विचारलं. म्हणाले, सरकारी माल चोरणारी मुलगी घरात ठेवून मी काय करू, घेऊन जा. पण आधी तिला विचार."

तिने हातोडा पुन्हा ढोलीच्या काठावर ठेवला, नीट, पडणार नाही असा. मग फांदी आवळून धरलेल्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. बर्फासारखा गार होता तो.

"किती घाबरलास रे," ती म्हणाली. "माझ्याशी लग्न करायला?"

"नाही," विश्वास म्हणाला. "खाली उतरायला."

"मग बस जरा," ती म्हणाली. "मी आहे ना."